मोकळ्या जगाचा पंचनामा

नसरापूर फाट्यावर एस.टी. आली की ते आधी गाडीची पुढची पाटी वाचत, मग मागं जाऊन मागची वाचत, आणि तरीही चढताना कंडक्टरला विचारत, "ही भोरलाच जाती कशावरनं?" ओळखीचा कंडक्टर म्हणायचा, "चाचा, रोजच जाते की." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं. "काल गेली म्हून आज जाईल, ह्याला पुरावा म्हनत न्हाईत." मग बसत, तेही दाराजवळच्या सीटवर, म्हणजे उतरायला बरं.

सगळे त्यांना मुन्शीचाचा म्हणायचे. भोरच्या कचेरीसमोर त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. अर्ज, दस्त, प्रतिज्ञापत्रं लिहून देण्याचा त्यांचा धंदा. वडिलांचाही तोच. कागदावर कोरी जागा राहिलेली त्यांना बघवायची नाही. लगेच पेनानं तिरकी रेघ ओढायचे, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येऊ नये. ही सवय इतकी हाडात गेलेली, की कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तरी "आपले नम्र"च्या खाली रेघ मारायचे. त्यांची मुलगी नसीम एकदा म्हणाली, "अब्बा, पत्रिकेत कोण काय घुसडणार? दुसरा नवरा?" चाचा शांतपणे म्हणाले, "घुसडल्यात लोकांनी."

मला ते आवडायचे ते या संशयामुळेच. मी ज्या घरात वाढलो तिथं वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त होती. वडील चळवळीतले; उरलेल्या पत्रकांच्या मागच्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. गरिबाला फुकट मिळालेली एकच वस्तू म्हणजे संशय, ती गहाण टाकू नका, असं त्यांच्या एका पत्रकात होतं आणि मला ते पाठ होतं. गावात पत्रकं वाटताना चाचांच्या हातात दिलं की ते मजकूर वाचत नसत. आधी तळाला मुद्रकाचं नाव आहे का ते बघत. नसलं तर परत करत. "ज्याला छापल्याची लाज वाटती, त्याचं मी का वाचू?"

ते गेम खेळायला लागले ते साठी उलटल्यावर. त्याचं श्रेय सरकारी साइटला. अर्ज ऑनलाइन झाले, तेव्हा नसीमनं दुकानात दोन कॉम्प्युटर घेतले. दुपारी साइट बंद पडायची आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत लोक बाकावर पेंगत. तेवढ्या वेळात नसीम एक गेम खेळायची. चाचांनी आठवडाभर मागं उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "ह्या गावाच्या पलीकडं काय हाय?" तिनं सांगितलं, पलीकडं काही नाही, तिथं नकाशा संपतो. चाचांना ते पटलं नाही. ते खुर्चीवर बसले, माउसखाली रुमाल अंथरला आणि पलीकडं काय आहे ते बघायला निघाले. तिथून जे लागलं ते लागलंच.

पण खेळणं म्हणजे खेळणं नव्हे. ते गेमचा पंचनामा करायचे. सुरुवातीच्या जागेपासून चारी दिशांना हद्दीपर्यंत पायी जायचं. घोडा दिला तरी घ्यायचा नाही. "घोड्यावरनं पाहनी होत न्हाई." नकाशावर बोट ठेवून एकदम दुसरीकडं पोचायची सोय असते, तिला ते टपाली पाहणी म्हणत आणि त्यांच्यालेखी ती बाद. खेळात चूक झाली की लोक मागं जतन केलेला खेळ उघडतात आणि चूक पुसून टाकतात. हे तर त्यांना पापच वाटे. मागच्या तारखेनं दस्त करण्यासारखं. झालं ते झालं, पुढं चालायचं. गेमच्या नायकाला ते अर्जदार म्हणत आणि शत्रूला सामनेवाला. संध्याकाळी फुलस्केप कागदावर लिहीत: "सदर गावात विहीर आहे, पाणी नाही. एक बाई मुलगा हरवला म्हणून रडते. मुलगा आणून दिला. बाई अद्याप रडते. एकंदर जग दिखाऊ." खाली त्यांची सही आणि पंचाची सही. पंच बहुतेक वेळा मीच असायचो. जे ते इथं बघत, तेच मी घरी माझ्या कॉम्प्युटरवर जाऊन बघायचं आणि मग सही करायची. सही करण्याआधी ते न चुकता विचारत, "जागेवर गेलावतास का?"

मी तेव्हा एका वेबसाइटवर गेमविषयी लिहायचो. इंग्रजीत असलं लिहिणारे ढिगानं आहेत, मराठीत कुणी नव्हतं. माझा सूर वडिलांच्या पत्रकांचा. गेमच्या जाहिराती म्हणजे आमच्या पिढीचे जाहीरनामे आहेत, असं मी लिहायचो. फरक इतकाच की निवडणुकीचा जाहीरनामा पाच वर्षांनी एकदा येतो.

मग तो गेम आला. कितीतरी वर्षं गाजत होता, चार वेळा तारीख पुढं गेलेली. जाहिरातीत एकच वचन पुन्हा पुन्हा: हे जग विसरणार नाही. तुम्ही इथं जे कराल ते इथल्या माणसांच्या लक्षात राहील. माझ्या वयाची मुलं त्या वाक्यावर जीव टाकत होती. मी गेम यायच्या आधीच एक लेख लिहून टाकला होता की हे जग विसरेल, सगळीच विसरतात. तो लेख खूप वाचला गेला. त्यामुळं गेम फसवा निघणं ही आता माझी गरज झाली होती. हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

गेम सुरू करताच चाचांच्या लक्षात आलं की याचा नकाशा एका माणसाला झेपणारा नाही. पूर्वेची हद्द गाठायलाच त्यांना आठ दिवस लागले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काम वाटून दिलं. पूर्व, पश्चिम, दक्षिण त्यांनी बघायची आणि उत्तर बाजूची गावं मी. तू जे बघशील ते मी लिहीन, म्हणाले. एस.टी.च्या पाटीवर विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं हे म्हटलं होतं.

मी उत्तरेला गेलो नाही.

त्याच आठवड्यात वेल्ह्याकडं ओढ्यावरचा एक साकव पडला होता आणि त्याचा पंचनामा कुणीतरी जागेवर न जाता खुर्चीत बसून उरकला होता. मी त्याविरुद्ध पत्रकं वाटत फिरत होतो. इकडं संपादकाचे फोनवर फोन. सगळ्यांचे लेख येऊन गेले, तुझा कधी? शेवटी मी इंटरनेटवर कुणा एकाचा व्हिडिओ पाहिला. तो घोड्यावरून भरधाव उत्तरेची गावं ओलांडत होता. दारं बंद, रस्ते ओस. मला हवं होतं तेच.

चाचांनी विचारलं, "जागेवर गेलावतास का?"

मी म्हणालो, गेलो होतो.

त्यांनी लिहिलं: "उत्तर बाजूची गावे पंचाने समक्ष पाहिली. ओस आहेत." मी सही केली, खाली त्यांनी केली. त्या कागदाचा फोटो लावून मी लेख टाकला. मथळा होता, "ओस जगाचे पोकळ वचन". कचेरीसमोरच्या एका मुन्शीनं गेमचा पंचनामा केला, ही गंमत लोकांना इतकी आवडली की तो फोटो लेखापेक्षा जास्त फिरला. चाचांची सही त्यांना न ओळखणाऱ्या हजारो लोकांच्या मोबाईलवर गेली.

आठ-दहा दिवसांनी दुकानावर गेलो तर वारं बदललेलं. नसीम म्हणाली, अब्बा म्हणतात गेम चांगला आहे. मी हसलो. तिनं सांगितलं की ते रोज उत्तरेलाच असतात आणि जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. चाचांनी माझ्याकडं बघितलंही नाही. तेवढ्यात कोपऱ्यात उभी केलेली पुठ्ठ्याची एक लांब नळी मला दिसली. त्यावर पुण्यातल्या एका गेमच्या दुकानाचा छाप. आणि भिंतीवर एक नवा मोठा कागद, वळलेल्या कडेतून गेमच्या नावाची सोनेरी अक्षरं डोकावणारा.

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. लेख गाजला, तो गेम काढणाऱ्या कंपनीपर्यंत पोचला, त्यांनी म्हाताऱ्याला गाठलं. हे असंच होतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. चळवळीतले किती तरी जण असेच एका शालीवर विकले गेले म्हणून वडील बोलायचे. इथं तर पोस्टरवरच भागलं होतं.

मी विचारलं, "चाचा, काय दिलं त्यांनी?"

बाकावर तीन-चार माणसं होती. सगळ्यांनी माना वळवल्या. नसीमचा हात कीबोर्डवर थांबला. चाचा उठले, भिंतीवरचा कागद त्यांनी खालून उचलून दाखवला. पोस्टरची रंगीत बाजू भिंतीकडं होती. आमच्याकडं होती ती कोरी बाजू, आणि तिच्यावर पेन्सिलीनं गेमचा नकाशा काढलेला. गावं, ओढे, हद्दी, सगळं. नसीमनं नंतर सांगितलं की दुकानातून गेम घेतला की ते पोस्टर सगळ्यांनाच येतं; एवढा मोठा कोरा कागद भोरात मिळत नाही म्हणून त्यांनी ते वापरलं.

नकाशात उत्तरेला सात गावं होती. प्रत्येकापुढं माणसांची संख्या लिहिलेली.

"म्या पायी गेलो," चाचा म्हणाले. "दिवसा मानसं शेतात अस्त्यात. दारं बंद ठिवून जात्यात. सांजच्याला परतत्यात. तू कंच्या वेळंला गेलावतास?"

मी निघालो तेव्हा नसीम पायरीपर्यंत आली आणि तिनं मला सुनावलं. कचेरीतले लोक आठवडाभर चाचांना चिडवत होते. ज्यांनी गेम खेळला होता अशी पोरं दुकानात येऊन विचारून गेली, की चाचा, भरलेली गावं ओस कशी दिसली, चष्मा बदलायला झालाय का? एका वकिलानं तर हसत हसत म्हटलं, मुन्शी आता न बघता सह्या करायला लागले, बरं झालं, आमचं काम सोपं झालं. चाळीस वर्षांत त्यांचा एक कागद खोटा ठरला नव्हता. "आणि ते तुझं नाव घेत नाहीत," नसीम म्हणाली. "म्हणतात, खाली सही माझी हाय."

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. उत्तरेच्या एका गावात दोन भावांचं शेत होतं, मध्ये हद्दीचा दगड. जग खरंच लक्षात ठेवतं का ते बघावं म्हणून चाचांनी तो दगड ओढ्याकडं चाळीस पावलं सरकवला आणि पुढं गेले. गेममधले दहा दिवस उलटून परत आले तर भावांनी अंगणात भिंत घातलेली, शेताचा निम्मा तुकडा पडीक. या प्रकरणाची कुठं खूण नाही, बक्षीस नाही, कुणी बघायला सांगितलेलंही नाही. थोरला भाऊ रस्त्यात आडवा आला आणि विचारलं, दगड कुणी हलवला, तुम्हाला ठाऊक आहे? पडद्यावर तीन उत्तरं आली, त्यातलं एक निवडायचं. नसीमनं ती मराठीतून वाचून दाखवली: मला माहीत नाही. तुझ्या भावानंच हलवला असेल. मला घाई आहे, निघतो.

"अब्बा म्हणाले, चौथं वाच. मी म्हटलं, चौथं नाही. ते म्हणाले, मी हलवला, हे कुठं हाय? मी म्हटलं, ते लिहिलंच नाही त्यांनी. तेव्हापासून ते त्या भावाच्या समोर अर्जदाराला उभा करून ठेवतात आणि उत्तर न देता बसतात."

मी घरी जाऊन उत्तरेला निघालो. पायी. चार दिवस लागले. संध्याकाळी एका गावाच्या वेशीवर थांबलो तर शेतातून माणसं परतत होती, खांद्यावर अवजारं, एकमेकांशी काही तरी बोलत. एकानं मला विचारलं, कुठून आलात? मी दगडाला हात लावला नाही. संपादकाला फोन करून म्हटलं, चूक झाली, दुरुस्ती टाकायची आहे. तो म्हणाला, लोक विसरलेत, तू पण विसर.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन चाचांसमोरच्या खुर्चीवर बसलो आणि जबाब लिहून घ्या म्हणालो. त्यांनी कागद ओढला. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले: मी उत्तर बाजूस गेलो नव्हतो. दुसऱ्याचा व्हिडिओ पाहून सही केली. मुन्शींनी माझ्या शब्दावर सही केली. मग मी म्हणालो की संपादकाची घाई होती, वेल्ह्याचं काम होतं, हेही घ्या. त्यांचा पेन थांबला.

"ते तुझ्या लेखात घे. हितं काय केलंस तेवढंच."

जबाबाला पंच हवा. नसीम घरातली, ती चालत नाही. बाकावर भोंगवलीच्या एक मावशी बसल्या होत्या, नवऱ्यामागं सातबाऱ्यावर नाव लावायचा अर्ज घेऊन. साइट बंद होती म्हणून सकाळपासून तिथंच होत्या. चाचांनी त्यांना सही कराल का विचारलं.

"काय झालंय ते ठावं न्हाई आन् सही कशी करू?" मावशी म्हणाल्या. "आदी सांगा."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. गेम म्हणजे काय इथपासून. मांडीवरची पिशवी घट्ट धरून त्या ऐकत होत्या. दगडाचं आलं तेव्हा पुढं सरकल्या. गाव खेळातलं का? हो. भाऊ पण? हो. त्यांनी थोडा विचार केला आणि चाचांकडं वळल्या.

"मंग मुन्शी, दगड परत जाग्याव ठिवला का न्हाई?"

चाचांनी चष्मा काढला. भिंतीवरचा नकाशा, तीन पानांचा नवा पंचनामा, भावासमोर घालवलेल्या त्या सगळ्या दुपारी. एवढं सगळं झालं, पण दगड त्यांनी परत ठेवला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. आम्ही दोघं उत्तर काय द्यायचं यातच अडकलो होतो.

"न्हाई," चाचा म्हणाले.

"मंग कसला पंचनामा?" मावशी म्हणाल्या, पण रागानं नाही.

नसीमनं कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या ओढल्या. अर्जदार तेव्हा उत्तरेतल्याच दुसऱ्या गावात होता. तिथून पायी पाऊण तासाची वाट. ह्या गड्याला घोडं हाय की, बसत का न्हाई, असं मावशींनी दोनदा विचारलं आणि घोड्यावरून पाहणी होत नाही हे ऐकून मान डोलावली. ओढ्याकाठी दगड सापडला. तो मूळ कुठं होता याबद्दल चाचांची खात्री होईना. मावशींनीच पडद्यावर नांगरटीच्या ओळीवर बोट ठेवलं. "नांगराचं तास हितं वळतंय बगा. हितंच व्हता." चाचांनी दगड तिथं ठेवला. मग गेममधला एक दिवस जाऊ दिला.

थोरला भाऊ बांधावर आला, दगडाजवळ उभा राहिला. यावेळी त्यानं विचारलं काहीच नाही. तो जे बोलला ते नसीमनं हळू आवाजात वाचलं: "दगड जागेवर आला. पण मी आता त्याच्या दारात जाणार नाही."

गेम करणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवलं होतं, कुणीतरी कधीतरी परत येऊन दगड ठेवेल म्हणून. जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता.

चाचांनी पंचनाम्याचं शेवटचं पान घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेले. "दगड मूळ जागी ठेवला. हद्द पूर्ववत. भाऊ पूर्ववत नाहीत. जग विसरणार नाही असे वचन होते, विसरले नाही. कबुली देण्याची सोय ठेवलेली नाही, ही उणीव. बाकी खरे."

मावशी पडद्याकडंच बघत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या, "आसंच अस्तंय." त्यांनी पेन घेतला आणि एकेक अक्षर जुळवत पंच म्हणून सही केली, आधी माझ्या जबाबावर, मग त्या पानावर.

पंच क्रमांक दोनची ओळ रिकामी होती. मी पेनासाठी हात पुढं केला. मी उत्तरेला जाऊन आलो होतो, पायी, चार दिवस. आता तरी मला सही करता येत होती. चाचांनी त्या ओळीवर तिरकी रेघ मारली, पान घडी करून माझ्या जबाबावर ठेवलं आणि मावशींचा अर्ज पुढ्यात घेतला.

"साइट चालू झाली," नसीम म्हणाली.

"ऊठ," चाचा मला म्हणाले. "त्यांस्नी बसू दे."